संशोधन कोणाचे, कोणासाठी? परळच्या चाळीपासून वरळी कोळीवाड्यापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणासाठी वरळी कोळीवाड्यात घरोघरी फिरत होतो. हातात छापील फॉर्म होता. एका ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या मावशींना मी नेहमीचे प्रश्न विचारले. कुटुंबप्रमुख कोण, व्यवसाय काय, मासिक उत्पन्न किती. नवऱ्याच्या नावापुढे मी 'मासेमारी' लिहिले आणि मावशींच्या नावापुढे 'गृहिणी'. त्या म्हणाल्या, "लिही बाबा. तुझ्याआधी पण पोरं लिहून गेली. त्या कागदाचं पुढं काय झालं तेवढं सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर मात्र दुसरी गोष्ट जास्त टोचली. ज्या बाईने जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, ओहोटीला खडपात उतरून कालवं फोडली, तिला मी एका शब्दात बेरोजगार करून टाकले होते. फॉर्ममध्ये तिच्या कामाचा रकाना नव्हता आणि मलाही तो नसल्याचे त्या वेळी खटकले नव्हते. समाजशास्त्राची पदवी असूनही.

आपल्या चळवळीत संशोधनाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, संशोधन म्हणजे एसी हॉलमधली बडबड, प्रश्न रस्त्यावरच सुटतात. दुसऱ्या बाजूला, नावामागे डॉक्टर लागले की माणूस जे बोलेल ते प्रमाण मानणारेही आहेत. दोघांनीही इतिहास तपासावा. संशोधनाने आपल्या माणसांचे नुकसान केले आहे आणि संशोधनानेच आपल्याला हत्यारही दिले आहे. फरक कशाने पडतो, ते पाहू.

मोजणारे आणि मोजले जाणारे

इंग्रजांनी या देशातल्या जातींची मोजदाद केली ती राज्य चालवण्यासाठी. हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने तर लोकांची नाके मोजली आणि नाकाच्या ठेवणीवरून जातीची पायरी समजते, असा सिद्धांत मांडला. मुंबई इलाख्यात आर. ई. एन्थोव्हेन यांनी जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केले. चालीरीती, देवदैवते, लग्नाचे नियम, सगळे त्यात नोंदवले. पण ज्यांची नोंद झाली त्यांना कोणी विचारले नाही की तुमचा प्रश्न काय आहे.

हे जुने खंड कपाटात पडून राहिले असे समजू नका. आज महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातीत येतात आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात. जमातीचा दावा करणाऱ्या विद्यार्थ्याला पडताळणी समितीपुढे आपल्या कुलदैवतापासून लग्नविधीपर्यंत प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनाशी आजच्या शहरी मुलाचे उत्तर जुळले नाही, तर त्याचे प्रमाणपत्र धोक्यात. शेवटी मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही. अभ्यासकाने लिहिलेला परिच्छेद माणसाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा निकाल कसा लावतो, त्याचे हे उदाहरण आहे.

मुंबईच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कोळ्यांना या बेटांचे मूळ रहिवासी म्हटले आहे. मुंबादेवी त्यांची, शहराचे नाव तिच्यावरून. पण याच मूळ रहिवाशांना आज आपल्या वाड्याच्या सीमा आखून द्या आणि आमच्या घरांना झोपडपट्टी म्हणू नका, एवढी मागणी करत फिरावे लागते. पुस्तकात मान मिळाला, पण सातबाऱ्यावर आणि नगररचनेच्या नकाशावर तो उतरला नाही.

बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, या सगळ्यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. बाकीचे अभ्यासक जातीची लक्षणे गोळा करत होते. बाबासाहेबांनी विचारले, जात टिकते कशाने? उत्तर होते जातीअंतर्गत विवाह. आणि तो टिकवायचा तर सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांतून बाईच्या आयुष्यावर ताबा ठेवावा लागतो, हे त्यांनी दाखवले. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकच आहे, हे तिथे सिद्ध झाले.

दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. तज्ज्ञांचे म्हणणे असे की तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती आणि हात किती, यावर ठरते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकली आहेत, त्यांना उद्योगात काम द्या. म्हणजे गरिबाच्या वहिवाटीत दोष शोधण्याऐवजी त्यांनी अर्थव्यवस्थेत दोष शोधला.

हे सगळे ग्रंथालयातच थांबले असते तर आपण आज ते आठवलेही नसते. परळच्या पोयबावाडीतील बीआयटी चाळीत राहणाऱ्या या माणसाने २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ती प्रतिनिधित्वाचे आकडे मांडून. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले. त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. पगाराचा तक्ता कितीही बारकाईने काढा, त्यात हा विटाळ दिसत नाही. तो दिसायला विचारणाराच वेगळा लागतो. बाबासाहेबांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पुढे कोकणातल्या खोतीविरुद्ध १९३७ मध्ये विधिमंडळात विधेयक आले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला. अभ्यास, विधेयक आणि मोर्चा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे बाबासाहेबांना कधी वाटले नाही. रस्ता की पुस्तक, हा वाद आपण घालतो, त्यांनी तो घातला नाही.

आणि रिस्लेच्या नाकांचे काय झाले? १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांच्या पुस्तकातली नाकांच्या मोजमापाचीच कोष्टके घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. आकडे तेच, पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा.

विद्यापीठांचे श्रेय आणि मर्यादा

विद्यापीठांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला. १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३८ मध्ये मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवर जी. आर. प्रधान यांचा अभ्यास पुस्तकरूपाने आला आणि त्याला खुद्द बाबासाहेबांनी प्रस्तावना दिली. चांगल्या अभ्यासाला त्यांनी कधी नाव ठेवले नाही.

पण मी एम.ए. करत होतो तेव्हा घुर्ये आणि श्रीनिवास 'समाजशास्त्रज्ञ' म्हणून शिकवले गेले आणि बाबासाहेब 'राजकीय विचारवंत' म्हणून. १९१६ चा तो निबंध मी वर्गात नाही, एका कार्यकर्त्याने दिलेल्या झेरॉक्सवर वाचला. ज्याने जातीची यंत्रणा उलगडली, त्याला जातीच्या अभ्यासकांच्या यादीत जागा नाही. ही विसराळूपणाची गोष्ट नाही.

एक अहवाल आणि वरळीचा रस्ता

वरळीचीच गोष्ट घ्या. कोळीवाड्यापासून थोड्याच अंतरावर बीडीडी चाळी आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. एका खोलीत अख्खे कुटुंब राहिले आणि त्याच खोल्यांतून आपली चळवळ उभी राहिली. अस्पृश्यांवरील अत्याचारांची नोंद करणारा इलयापेरूमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेपुढे आला. अहवाल सरकारी होता. सरकारने तो बाजूला ठेवला, पण आपल्या तरुणांनी तो वाचला, त्यावर चर्चा केली. १९७२ मध्ये दलित पँथर जन्मली, तिच्यामागच्या संतापाला या अहवालाचाही आधार होता. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत पँथरची सभा झाली, तिच्यावर हल्ला झाला, दंगल पेटली. पुढच्या काही दिवसांत भागवत जाधव शहीद झाले. चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला.

धूळ खात पडणारा अहवाल आणि रस्त्यावर उतरणारा अहवाल यांत कागदाचा फरक नसतो. तो कोणाच्या हातात पडला, एवढाच फरक असतो.

समुद्र कोणी मोजायचा?

आता कोळीवाड्याकडे परत येऊ. कोस्टल रोडचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. प्रकल्पाआधी पर्यावरणाचे अहवाल झाले, सल्लागार नेमले गेले, परवानग्या मिळाल्या. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी आणि इतर याचिकाकर्ते उच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सागरी किनारा नियमन परवानगी रद्द केली. निर्णयप्रक्रियेत गंभीर त्रुटी आहेत आणि पुरेसा शास्त्रीय अभ्यास झालेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये तर रस्त्याच्या वाटेतले वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे न्यावे लागले. ज्या खडपाला नकाशा ओसाड समजतो, तिथे जीव आहे हे कालवं फोडणाऱ्या बायांना आधीपासून ठाऊक होते.

मग क्लीव्हलँड बंदरासमोरच्या खांबांचा वाद आला. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरेसे आहे, असे महापालिकेचे तज्ज्ञ सांगत. नाखवे म्हणत, वारा आणि लाट असताना होडी कागदावरच्या रेषेसारखी सरळ येत नाही, २०० मीटर द्या. एकाकडे पदव्या होत्या, दुसऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. कोळ्यांनी समुद्रात होड्या लावून काम अडवले. अखेर २०२२ च्या शेवटी सरकारने एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचे मान्य केले. २०० मिळाले नाही, पण जे ६० 'शास्त्रीयदृष्ट्या पुरेसे' होते ते दुप्पट झाले. मग आधीचे शास्त्र कोणते होते?

नुकसानभरपाई ठरवण्यासाठी महापालिकेने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला, पण तोवर काम सुरू झालेले होते. अभ्यास निर्णयाआधी झाला तर तो निर्णय बदलू शकतो. निर्णयानंतर झाला तर तो फक्त किंमत ठरवू शकतो. आणि किंमत ठरवतानाही प्रश्न उरतोच. परवाना होडीचा असतो. खडपात उतरणाऱ्या बाईकडे कुठला परवाना? माझ्या फॉर्मवरची ती 'गृहिणी' भरपाईच्या यादीत कुठे शोधायची?

मग आपण काय करायचे?

काही मित्र विचारतील, कोळ्यांच्या प्रश्नात बौद्ध तरुणांनी का पडायचे? त्यांना माझे उत्तर असे की खोतीविरुद्धच्या लढ्यात बाबासाहेबांबरोबर कुणबी शेतकरीही होते. पद्धत एकदा हातात आली की ती जातीपुरती ठेवायची नसते.

आपल्या मुलांनी संशोधनात गेलेच पाहिजे. वाट सोपी नाही. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला, तेव्हा तो संशोधकच होता आणि त्याची फेलोशिप थांबलेली होती. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागते. संशोधनाच्या दारात आपल्याला अडवले जाते, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार ही सत्ता आहे, हे अडवणाऱ्यांना पक्के कळते.

पण पीएच.डी. होईपर्यंत थांबायचे कारण नाही. वस्तीत सर्वेक्षण आले की तीन गोष्टी विचारा. हे कोणी करायला सांगितले, यात बाईच्या कामाचा रकाना आहे का, आणि अहवाल मराठीत वस्तीला परत मिळणार का. नाही मिळाला तर माहिती अधिकारात मागा. मिळाला तर विहारात सगळ्यांसमोर वाचा आणि चुकले असेल तिथे खोडा. १९३१ नंतर या देशात सगळ्या जातींच्या गणनेचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. मंडल आयोगालाही त्याच जुन्या आकड्यांवर विसंबावे लागले. येत्या जनगणनेत जातगणना करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केला आहे. तेव्हा प्रगणक दारात येईल, त्याआधी आपली वस्ती आपण मोजलेली असली पाहिजे.

त्या मावशींकडे मी नंतर पुन्हा गेलो. कागदाचं काय झालं ते सांगता आले नाही, कारण तो अहवाल मलाही कधी पाहायला मिळाला नाही. मात्र या वेळी कोरी वही नेली होती. त्या दिवशी त्यांनी पहाटे उठल्यापासून काय काय केले, ते त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. चार पाने भरली. 'गृहिणी' हा शब्द त्यात कुठेच आला नाही.

जय भीम!