‘शके’ या शब्दामागील लोक

पंचांगाच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेंत, मुलाच्या टिपणांत आपण ‘शके’ हा शब्द वाचतों. पण तें मुळीं एका लोकसमूहाचें नांव आहे, हें कितीजणांस आठवतें?

शकांचें मूळ स्थान मध्य आशियांतील गवताळ मैदानांत. घोडीं व मेंढरें घेऊन फिरणारे, इराणी कुळांतील भाषा बोलणारे हे लोक. इराणांत बेहिस्तून येथें इ. स. पूर्व ५२० च्या सुमाराचा दरायस बादशहाचा शिल्पपट आहे. त्यांतील बंदिवानांच्या रांगेंत उंच टोकदार टोपी घातलेला स्कुंख हा त्यांचा नायक आजहि दिसतो. पुढें इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत चीनच्या सीमेवरील ह्युंगनू टोळ्यांनीं युएची लोकांस पश्चिमेकडे हुसकलें आणि युएचींनीं शकांस रेटलें. शक दक्षिणेस सरकले. हेल्मंद नदीकांठचा प्रांत त्यांच्यावरून ‘शकस्थान’ झाला, तोच आजचा सीस्तान. तेथून ते सिंधुप्रदेशांत उतरले, आणि त्यांच्या क्षत्रपांचा अंमल सौराष्ट्र, माळवा व नाशिकपर्यंत पोंचला.

नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. हा स्वतःस शक म्हणवितो. परंतु तीन लक्ष गाई दान देतो, ब्राह्मणांस गांवें देतो आणि बौद्ध भिक्षूंसाठीं लेणेंहि कोरवितो. परका म्हणून आलेला मनुष्य किती लवकर येथला झाला! त्याच डोंगरांतील दुसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र शातकर्णीचा, गौरव करतांना सांगते कीं, त्यानें शक, यवन व पह्लव यांचा नाश केला आणि नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केला. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकीं बऱ्याच मोठ्या भागावर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. विजय खरा होता, यांत संशय नाहीं.

पण ‘निःशेष’ हा शब्द इतिहासानें मानला नाहीं. उज्जयिनीस शकांचें दुसरें घराणें उभें राहिलें. त्यांतील रुद्रदामन् यानें इ. स. १५० च्या सुमारास जुनागड येथें प्रौढ संस्कृत गद्यांत लेख कोरविला. शातकर्णीस दोनदां जिंकूनहि निकटच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो तेथें म्हणतो. म्हणजे वैऱ्यांच्या घरांत सोयरीक जुळली होती!

या क्षत्रपांचीं वर्षें ज्या कालगणनेंत आहेत, ती इ. स. ७८ पासूनची. बदामीच्या चालुक्य पुलकेशीनें शकवर्ष ४६५, म्हणजे इ. स. ५४३, कोरविलें, तेव्हां शकांचें राज्य लयास जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. पुढें कित्येक शतकांनीं त्याच शकास शालिवाहनाचें, म्हणजे सातवाहनांच्या स्मृतीचें, नांव जोडलें गेलें. ज्यांनीं एकमेकांचीं नाणीं पुसलीं, त्यांचीं नांवें ‘शालिवाहन शके’ या दोन शब्दांत आपण एकत्र उच्चारतों. आपले पूर्वज कोणत्या बाजूनें लढले, हें आज कोण छातीठोकपणें सांगेल? बहुधा दोन्ही बाजूंनीं.