दप्तरांची जोडणी : नाव, निर्देश आणि वस्तू

एका वस्तूस अनेक नावे असू शकतात, ही गोष्ट भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. परंतु एकच वस्तू दोन दप्तरांत नोंदली गेली असता तिचे मूळ स्थान कोणते मानावे, हा प्रश्न त्याहून बिकट होय. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात मोडनिंब हे गाव आहे. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणेच तेथील जमिनीचा गट गाव नमुना सातमध्ये भूखंड म्हणून येतो, आणि तोच गट आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावाखाली येतो. दोन्हीकडे जमीन नसून केवळ गट क्रमांक असतो. दोहोंत मेळ राखण्याचे कार्य नमुना सहामधील फेरफाराचे.

संगणकाच्या संचिका-व्यवस्थेत हाच प्रश्न नव्याने उपस्थित झाला. डेली व न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्ससाठी वृक्षाकार दप्तररचना मांडली व तीत एका शाखेतून दुसरीकडे निर्देश करणाऱ्या जोडणीस स्थान दिले. १९६९ मध्ये आरंभ झालेल्या युनिक्सच्या पहिल्या रूपात मार्गनामे नव्हती. दूरच्या दप्तरातील संचिका गाठण्यास जोडणीवाचून गत्यंतर नसे. येथे जोडणी म्हणजे नाव व अनुक्रमांक यांची जोडी. अशा दोन नावांत मूळ व दुय्यम असा भेद उरत नाही. यास वस्तुबंध म्हणता येईल.

तथापि रिची व थॉम्पसन यांनी १९७४ च्या निबंधात एक मर्यादा घातली : प्रत्येक दप्तराची नोंद एकाच जनक-दप्तरात असावी. याचे कारण मार्मिक आहे. संचिकेची शेवटची नोंद पुसली म्हणजे मोजणी शून्यावर येते व जागा मोकळी होते. परंतु दप्तरे परस्परांत गुंतली, तर मुळाशी असलेला संबंध तुटूनही त्यांची मोजणी शून्य होत नाही. तुटलेला भाग ओळखणे अवघड होते.

या अडचणीतून मार्ग काढला तो नामबंधाने. १९८३ च्या बर्कले आवृत्ती ४.२ मध्ये तो आला. नामबंधात वस्तूचा क्रमांक नसतो, केवळ मार्ग लिहिलेला असतो. म्हणून तो दप्तराकडेही निर्देश करू शकतो. मात्र मूळ नाव बदलले की निर्देश निरर्थक होतो, आणि बंध मात्र जागीच राहतो.

मोडनिंबच्या शेतकऱ्यास हा भेद परका नाही. गटाचे पोटहिस्से पडले आणि आठ-अ मध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर जमीन जागेवर असूनही कागदावर तिचा मार्ग खुंटतो. पीककर्जासाठी सातबारा व आठ-अ दोन्ही लागतात. तेथे हा खंड नुसता शाब्दिक राहत नाही. तात्पर्य, निर्देश सुलभ करावा, परंतु त्याचा मेळ राखण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे आधी ठरवावे.