सुट्टीवरचा सरसेनापती आणि डोंगरपायथ्याशी थांबलेली तार

मुक्कामाच्या घरी रेंज नाही, वायफाय आहे पण चालत नाही, ही तक्रार आपल्याला स्मार्टफोनच्या काळातली वाटते. वस्तुतः आपल्या देशात ती निदान १८५७ इतकी जुनी आहे. आणि त्या वर्षी 'नेटवर्कबाहेर' राहण्याची पाळी ज्याच्यावर आली, तो कंपनी सरकारच्या फौजेचा सरसेनापती होता. हा धागा त्याच्यापासून सुरू होतो आणि कोकणातल्या होमस्टेपर्यंत येतो. थोडा लांब आहे, पण सवडीने वाचावा.

मे १८५७. सरसेनापती जनरल जॉर्ज ॲन्सन उन्हाळ्यासाठी सिमल्याला होते. गोऱ्या अधिकाऱ्यांचा तो शिरस्ताच होता. पारा चढू लागला की मैदानातील छावणी सोडायची आणि थंड हवेच्या ठिकाणी बंगला गाठायचा. तारायंत्र तोवर हिंदुस्थानात नवे असले तरी दुर्मीळ राहिले नव्हते. विल्यम ओशॉनेसी या पेशाने डॉक्टर असलेल्या गृहस्थाच्या देखरेखीखाली १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली होती, आणि १८५५ पासून तार सर्वसामान्यांनाही खुली झाली होती. उत्तरेकडे दिल्लीहून निघालेली तार अंबाल्यावरून लाहोरकडे गेली होती. सिमल्याला मात्र ती चढलेली नव्हती.

१० मेच्या संध्याकाळी मेरठला शिपायांनी उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिल्लीत शिरले. दिल्लीचे तारऑफिस शहराच्या तटबंदीबाहेर होते. मेरठची तार मुकी झालेली पाहून तेथील प्रमुख चार्ल्स टॉड त्या सकाळी दोष शोधायला बाहेर पडले आणि मारले गेले. मागे उरले ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण तारवाले. दिल्लीत काय घडते आहे ते त्यांनी अंबाल्याला कळवले, आणि मग ऑफिस सोडले. या तारवाल्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी १९०२ मध्ये दिल्लीत स्तंभ उभारला. तो आजही काश्मिरी दरवाजाच्या परिसरात आहे. सरसेनापतीच्या वाट्याला असा गौरव आला नाही, आणि त्याचे कारण पुढील दोन दिवसांत आहे.

अंबाल्याला पोहोचलेला संदेश दोन वाटांनी पुढे गेला. एक वाट तारेची. त्या वाटेने तो लाहोरला गेला. पंजाबचे चीफ कमिशनर जॉन लॉरेन्स तेव्हा स्वतःच रावळपिंडीस होते, पुढे मरीच्या डोंगरात विश्रांतीसाठी जाण्याच्या बेतात! तरीही लाहोरात बातमी १२ मेलाच हाती आल्यामुळे तेथील अधिकारी रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी वाट पाहिली नाही. १३ मेच्या सकाळी मियां मीरच्या छावणीत कवायतीच्या निमित्ताने देशी पलटणी मैदानावर आणल्या गेल्या, समोर तोफा रोखल्या गेल्या आणि शिपायांची शस्त्रे काढून घेतली गेली. लाहोर हातचे गेले नाही ते या एका दिवसाच्या आघाडीमुळे.

दुसरी वाट घोड्याची. अंबाल्याचे सेनाधिकारी जनरल बर्नार्ड यांनी आपल्या मुलालाच, कॅप्टन बर्नार्डला, निरोप देऊन सिमल्याकडे पिटाळले. सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा चढाचा. तो १२ मेला सिमल्याला पोहोचला. ॲन्सनने कसौली, डगशाई आणि सबाथू या जवळच्या डोंगरी छावण्यांतील गोऱ्या पलटणींना खाली उतरण्याचे हुकूम सोडले, स्वतः १४ मेला सिमला सोडले आणि १५ मेला अंबाल्यात दाखल झाला. २७ मेला कर्नाल येथे पटकीने त्याचा मृत्यू झाला. दिल्लीची तटबंदी त्याला दिसलीही नाही.

ॲन्सनच्या दिरंगाईवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. ओझ्याची जनावरे नव्हती, दारूगोळा नव्हता, रसद नव्हती. तेव्हा सर्व दोष तारेच्या अभावावर टाकणे हा अतिरेक होईल. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दिल्लीहून लाहोर हे सिमल्यापेक्षा दूर आहे, आणि तरीही लाहोर आधी हलले. नकाशावरचे अंतर आणि बातमीचे अंतर यांची फारकत झाली होती.

याच उन्हाळ्यात आपला एक मराठी माणूसही उत्तरेच्या वाटेवर होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते काकांसह निघाले होते. त्यांना बंडाची चाहूल लागली ती महूच्या छावणीजवळ, वाटेत भेटलेल्या शिपायांच्या तोंडून. सरसेनापतीला निदान घोडेस्वार तरी मिळाला; भटजींच्या घरच्यांना मात्र ते जिवंत आहेत की नाहीत हेही दीर्घ काळ ठाऊक नव्हते. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी हा धागा सोडून आधी ते वाचले तरी चालेल.

आता पुढची सात वर्षे ओलांडू. १८६४ मध्ये सिमला ही हिंदुस्थान सरकारची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली, आणि हा निर्णय घेणारा व्हाइसरॉय होता तोच जॉन लॉरेन्स. कलकत्त्यापासून हजारभर मैलांहून दूर, त्या वेळी जवळपासही रेल्वे नसलेल्या एका कड्यावरून वर्षातला निम्म्याहून अधिक काळ राज्य हाकायचे, ही कल्पना १८५७ मध्ये वेडेपणाची ठरली असती. मध्यंतरी डोंगर बुटका झाला नव्हता. तार वर चढली होती. कालका-सिमला रेल्वे आली १९०३ मध्ये, म्हणजे राजधानी होऊन जवळपास चाळीस वर्षांनी. माणसे आणि सामान वर नेण्यासाठी आसपासच्या गावकऱ्यांची वेठबिगार तोवर राबतच होती. संदेश मात्र त्यांच्या कितीतरी आधी आरामात प्रवास करू लागले होते.

म्हणूनच 'डोंगराळ भाग आहे, त्यामुळे नेटवर्क नाही' हे वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा सावधपणे ऐकावे. डोंगर ही अडचण खरी, पण ती कोणासाठी ओलांडायची हे डोंगर ठरवीत नाही.

मुक्कामाच्या घरांचा इतिहासही हेच सांगतो. 'डाकबंगला' हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातला 'डाक' म्हणजे टपाल, हे विसरतो. हमरस्त्यांवर ठरावीक अंतरावर हे बंगले उभे राहिले, कारण पालखीचे भोई, घोडे आणि टपालवाहक टप्प्याटप्प्याने बदलण्याची जी व्यवस्था होती, तिलाच 'डाक' म्हणत. प्रवाशाने टपालखात्याला आगाऊ कळवायचे, म्हणजे पुढच्या टप्प्यांवर भोई तयार राहत. म्हणजे ग्रामीण भागातील हे सरकारी विश्रामगृह संपर्काच्या जाळ्यापासून दूर जाण्याची जागा नव्हती, ती त्या जाळ्याचीच एक गाठ होती. एका रुपयात दिवसभराचा मुक्काम मिळे. चोवीस तास उलटल्यावर दुसरा प्रवासी आला तर आधीच्याने जागा सोडावी असा दंडक असे. खानसामा दारात पाहुणा दिसताच अंगणातली कोंबडी पकडायला धावे; या कोंबडीला साहेबलोकांनी दिलेले गमतीचे नाव होते 'आकस्मिक मृत्यू'. व्यवहारात हा लाभ गोऱ्यांचा आणि सरकारी अंमलदारांचा. बाकीच्यांना धर्मशाळा, देऊळ किंवा ओळखीच्याची ओसरी.

महाराष्ट्रातला दाखला महाबळेश्वरचा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२९ मध्ये, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात हा परिसर कंपनीने घेतला आणि तेथे माल्कमपेठ वसली. पुढे मुंबई सरकारचा वर्षक्रमच ठरून गेला: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात. सरकार जेथे जाई तेथे टपाल आणि तार त्याच्या मागोमाग जात. देशातील कित्येक थंड हवेच्या ठिकाणी तर तारऑफिसे केवळ हंगामापुरती उघडत. साहेब उतरला की ऑफिस बंद. महाबळेश्वरचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना कळेल की निरोप धाडण्याची खरी निकड कोणत्या महिन्यांत असते: झाडे पडतात, घाट बंद होतो, माणूस आजारी पडतो. पण तो हंगाम पाहुण्यांचा नव्हता.

खाली खेड्यात काय होते? १८५४ च्या टपालसुधारणेने अर्ध्या आण्यात पत्र देशभर कोठेही जाऊ लागले, ही खरोखर क्रांती होती. तिचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. अनेक गावांत शाळेचे मास्तरच पोस्टमास्तर असत. शाळा सुटली की टपालाची पिशवी उघडायची, आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे पत्रही मास्तरांनीच वाचून दाखवायचे. तार मात्र खेड्यात कधी स्वतःहून रुजली नाही. ती तालुक्याहून माणसाच्या हाती यायची, तीही बहुधा मरणाची. 'तार आली' एवढे ऐकून घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर मागाहून वाचला जायचा. सिमल्याच्या बंगल्यात जे यंत्र राज्यकारभाराचे साधन होते, तेच खेड्याच्या उंबऱ्यावर अशुभाचा दूत झाले. १५ जुलै २०१३ पासून भारतात तार बंद झाली, तेव्हा शहरांत लोकांनी हौसेने शेवटच्या तारा पाठवल्या. खेड्यांनी फारसा शोक केल्याचे दिसत नाही.

दूरध्वनीची कथा थोडक्यात सांगतो. त्यातला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो: १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने भारतीय खेड्यांसाठीच छोटे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलन नसले तरी उष्णतेत आणि धुळीत चालणारे. हे यंत्र कोणा पाहुण्याच्या सोयीसाठी नव्हे, गावात बारा महिने राहणाऱ्यांसाठी घडवले गेले होते. पिवळ्या अक्षरांचे एसटीडी बूथ गावोगावी दिसू लागले ते त्यानंतरच्या काळात.

इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना खुले केले, अर्थात महानगरांतून. सर्व ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आले, तरी तेथून वाडीवरच्या शेवटच्या घरापर्यंतचा तुकडा उरतोच. कोकणातल्या वाड्या एकमेकींपासून किती विखुरलेल्या असतात हे तेथे गेलेल्यांना ठाऊक आहे. मोबाइलच्या लहरींना मध्ये डोंगर आला की सावली पडते. मनोरा उभारणारी कंपनी कायमचे ग्राहक मोजते, आणि मेमध्ये गावात चौपट माणसे आली की तोच एक मनोरा सर्वांना पुरवावा लागतो. पावसात वीज गेली, की मनोऱ्याची बॅटरी टिकेल तेवढाच वेळ संपर्क.

२००५ च्या सुमारास बारामतीच्या परिसरातून महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची संघटित सुरुवात झाली. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आले. शेतकऱ्याच्या घरी पाहुणा उतरतो, त्याचे चार पैसे शेतकऱ्याला मिळतात, ही गोष्ट चांगलीच आहे. पण डाकबंगल्याच्या तुलनेत येथे सगळे उलटे झाले आहे. डाकबंगल्याला जाळे आधी मिळाले, पाहुणा नंतर. येथे पाहुणा आधी येतो, आणि बुकिंग, पैशांचा भरणा, घराकडे येण्याचा नकाशा, सर्व काही अशा जाळ्यावर अवलंबून असते, जे त्या घरात पोहोचतच नाही. मग काही ठिकाणी या उणिवेलाच 'डिजिटल उपवास' असे नाव देऊन जाहिरात केली जाते. पाहुण्याचा उपवास दोन दिवसांचा, तोही स्वेच्छेचा. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गात ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तो उपवास कोणी निवडला नव्हता.

डाकबंगल्यात एक वही ठेवलेली असे. प्रवाशाने तीत नाव, येण्या-जाण्याची वेळ, दिलेले पैसे आणि शेरा लिहायचा. खानसाम्याला वहीत काही लिहिण्याचा अधिकार नव्हता. त्याच्याबद्दल जे लिहिले जाई त्यावर त्याची नोकरी मात्र ठरे. आज ती वही मोबाइलमध्ये आहे. पाहुणा शहरात परतल्यावर पूर्ण वेगाच्या इंटरनेटवर लिहितो, 'जेवण उत्तम, नेटवर्क नाही', आणि एक तारा कमी देतो. यजमानाला तो शेरा कळतो तो संध्याकाळी, देवळामागच्या टेकाडावर जाऊन रेंज मिळाल्यावर.