रोव्हर्स चषकाची जागा कोणी घेतली?

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गातला एक मुलगा गणवेशाच्या सदऱ्याखाली पिवळा टी-शर्ट घालून आला. वरचे बटण उघडे राहिले म्हणून ते माझ्या लक्षात आले. मी काही बोलण्याआधीच मागच्या बाकावरून दुसऱ्याने खुलासा केला, "सर, अल-नस्रचा आहे. रोनाल्डोचा. याच्या भाईने रियाधहून पाठवलाय." मुरुडमध्ये आता घरटी एखादा माणूस आखाती देशांत असतो. त्यामुळे सौदी लीगची बातमी आमच्या मुलांना मुंबईच्या बातमीआधी कळते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी हाच अल-नस्र संघ गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघाशी खेळला आणि २-१ ने जिंकला. रोनाल्डो मात्र आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलांना त्याचेच दुःख होते.

पण त्या टी-शर्टवाल्या मुलाने मला एक वेगळाच प्रश्न विचारला. "सर, गोव्याची टीम अल-नस्रशी खेळू शकते. मग आपल्या मुरुडची टीम चांगली झाली, तर तिला मोठ्या लीगमध्ये घेतील का?"

मी इतिहास शिकवतो, तरी या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते शोधताना मी ज्या स्पर्धेपाशी पोहोचलो, तिचे नाव वर्गातल्या एकाही मुलाने ऐकले नव्हते. ती स्पर्धा म्हणजे मुंबईचा रोव्हर्स चषक.

माझ्या नानांनी तो पाहिला होता. तरुणपणी ते मुंबईला गोदीत कामाला होते आणि गावच्या जमातीच्या खोलीत दहा-बाराजणांबरोबर राहत. सुट्टीच्या दिवशी कूपरेजच्या मैदानावर सामना असला की खोलीतली निम्मी माणसे तिकडे जात. १९५८ साली मुंबईच्याच कॅलटेक्स कंपनीच्या संघाने रोव्हर्स जिंकला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने. या दोन वर्षांची गोष्ट नाना शेवटपर्यंत सांगत असत. मोहामेडन जिंकल्यावर खोलीत शिरा केला होता, आणि कॅलटेक्स जिंकल्यावरही केला होता, हे ते आवर्जून सांगत. एक संघ आपल्या शहराचा, दुसरा आपल्या नावाचा. दोन्हींचा आनंद एकाच पातेल्यात शिजत होता.

रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. त्याच्याआधी तीन वर्षे, १८८८ साली, सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला होता आणि १८९३ साली कलकत्त्यात आयएफए शील्ड आली. या तिन्ही स्पर्धा इंग्रजांनी आपल्या पलटणींच्या करमणुकीसाठी काढल्या. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता. पुढे १९०२ साली मुंबईत हारवुड लीग सुरू झाली आणि १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. चषक एखाद्या भारतीय संघाच्या हाती यायला १९३७ साल उजाडावे लागले. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर कलकत्त्याचा मोहामेडन स्पोर्टिंग होता. पुढच्या वर्षी बंगलोर मुस्लिम्सनीच पुन्हा चषक जिंकला आणि १९४० साली मोहामेडनने बंगलोरच्या याच संघाला हरवून हिशेब पुरा केला.

मोहामेडन स्पोर्टिंगची स्थापनाही १८९१ चीच, म्हणजे क्लब आणि चषक एकाच वयाचे. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे या क्लबने कलकत्त्याची लीग जिंकली. त्या काळी आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. पावसात कलकत्त्याच्या चिखलात इंग्रजांच्या बुटांपुढे त्यांचे पाय टिकत नसत. मोहामेडनच्या लोकांनी विचार केला आणि पावसाळ्यात बूट घालून खेळायला सुरुवात केली. कोकणातल्या माणसाला चिखल म्हणजे काय ते सांगायला नको. उपाय साधा होता, पण तो सुचायला आणि अंगवळणी पाडायला हिंमत लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संघाच्या नावात 'मुस्लिम' किंवा 'मोहामेडन' आहे म्हणून मी हा इतिहास सांगत नाही. रोव्हर्स ही धर्मावर वाटलेली स्पर्धा नव्हती. तिथे पलटणी आल्या, क्लब आले, पोलीस आले, तेल कंपनी आली. १९६५ साली मफतलाल मिलच्या संघाने चषक जिंकला. संघ कोणाचा, हे कोणी विचारत नव्हते. संघ कसा खेळतो, एवढेच मैदानावर ठरत होते. बंगलोरच्या मुसलमान पोरांनी तिथे येऊन जिंकावे हा त्यांचा पराक्रम आहे, पण त्यांना तिथे येता आले हा त्या स्पर्धेचा मोठेपणा आहे.

या स्पर्धेतले माझे सर्वात आवडते पान हैदराबाद सिटी पोलिसांचे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा संघ रोव्हर्सचा विजेता होता. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक होते आणि हैदराबादच्या शाळांमध्ये त्यांनी शिकवले होते. पुढे ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई सुवर्णपदके भारताला मिळाली ती त्यांच्याच हाताखाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला तोही त्यांच्याच काळात. सिकंदराबादच्या गरीब घरातल्या तुलसीदास बलरामला हेरून घडवणारेही तेच. १९६३ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२४ साली 'मैदान' हा सिनेमा आला तेव्हा कुठे आमच्या मुलांना त्यांचे नाव कळले. एक शाळामास्तर, पोलिसांत नोकरी करणारी पोरे आणि मुंबईतली एक खुली स्पर्धा, एवढ्या भांडवलावर हे घडले.

मग अशी स्पर्धा गेली कुठे? आज अनेकांच्या तोंडी एक सोपे उत्तर असते की पैशाच्या लीगने जुन्या स्पर्धा मारल्या. इतिहासाच्या शिक्षकाने तारखा तपासायला हव्यात. रोव्हर्स चषक २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडला. शेवटचा विजेता मोहन बागान. इंडियन सुपर लीग सुरू झाली १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे मध्ये तेरा वर्षांहून अधिक काळ गेला. हा खून सुपर लीगच्या नावावर लिहिता येत नाही.

खरी कारणे त्याआधीची आहेत. मुंबईच्या फुटबॉलचा कणा गिरण्या, कंपन्या आणि सरकारी खाती हा होता. चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरी मिळे. पाय थकले तरी नोकरी राही आणि निवृत्तीनंतर फंडही मिळे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचा तो जुना संसारच मोडला. त्याच काळात घरोघरी टीव्ही आला आणि क्रिकेटने उरलेली जागा व्यापली. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. ती त्या काळातली 'नवी, पैसेवाली लीग' होती. मोठ्या संघांचे महिनेच्या महिने तिच्यात जाऊ लागले. मग मुंबईला येऊन जुना चषक कशासाठी खेळायचा? ड्युरँडमागे लष्कर उभे होते म्हणून ती स्पर्धा वाचली. २०१९ पासून ती कलकत्त्यात नव्याने भरू लागली आणि पुढे सुपर लीगचे संघही तिच्यात उतरले. रोव्हर्सला वाली उरला नव्हता.

सुपर लीगवरचा आरोप वेगळा आहे, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. रिकामी झालेली जागा तिने घेतली, पण दरवाजा बदलून घेतली. २०१० साली भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ साली आठ फ्रँचायझींची लीग उभी राहिली. सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, रणबीर कपूर, हृतिक रोशन अशी नावे मालकांत होती. तिथे संघ जिंकून पोहोचत नव्हता, विकत घेऊन पोहोचत होता. शेवटच्या क्रमांकावर आलेला संघ खाली उतरत नव्हता आणि खालच्या आय-लीगचा विजेता वर चढत नव्हता.

पैसा पूर्वीही होता. कॅलटेक्स आणि मफतलाल काही गरीब नव्हते. पण त्यांच्या पैशाने संघ मैदानापर्यंत येत असे. पुढचा रस्ता त्याला खेळूनच काढावा लागे. नव्या व्यवस्थेत रस्ताच विक्रीला निघाला.

त्याचे परिणाम आपल्या आसपासच पाहता येतात. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. त्या करारावर सह्या झाल्या त्याच वर्षी, २०१० मध्ये, कंपनीने हा संघ बंद केला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स असे तीन क्लब आय-लीगमध्ये खेळून गेले. २०१५ ते २०१७ या काळात तिन्ही दिसेनासे झाले. मग पुण्याला उरली ती सुपर लीगची फ्रँचायझी, एफसी पुणे सिटी. २०१९ साली तीही बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला गेली. गोव्यात पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, हे २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले, कारण देशाची लीग दुय्यम ठरणार हे तोवर दिसू लागले होते. २०१९ साली सुपर लीगलाच अव्वल लीगचा दर्जा मिळाला.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या लीगमुळे खेळाडूंना पूर्वी कधी मिळाले नव्हते एवढे मानधन मिळाले. मैदाने सुधारली. २०२२ साली मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवले. त्या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. गोव्याच्या संघाशी खेळायला अल-नस्र आला तोही याच वाटेने. आमची मुले संध्याकाळी ओहोटीच्या वाळूवर चपलांचे गोल मांडून फुटबॉल खेळतात, त्यातही या लीगचा वाटा आहे. क्रिकेटखेरीज दुसरा खेळ त्यांना तिने दाखवला.

आणि दरवाजा पुढे थोडा किलकिला झालाही. २०२३ साली आय-लीग जिंकून पंजाब एफसी सुपर लीगमध्ये चढला. २०२४ साली चढला तो चक्क मोहामेडन स्पोर्टिंग. नाना असते तर घरात पुन्हा शिरा झाला असता. पहिल्याच हंगामात संघ तळाला राहिला, ही गोष्ट वेगळी. वर चढता येते. पण वरच्या खर्चाला पुरे पडणे हे वेगळेच गणित आहे, हे त्यातून दिसले.

त्यानंतर २०२५ साल आले. पंधरा वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबरमध्ये संपणार होती आणि पुढचे काही ठरले नव्हते. जुलैमध्येच हंगाम थांबवल्याचे जाहीर झाले. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबली, आणि त्यासाठी सरकारला मध्ये पडावे लागले. एका कराराची शाई वाळली की सगळ्या देशाचे फुटबॉल थांबते, अशी पाळी जुन्या काळी आली नव्हती. तेव्हा एक चषक बुडाला तरी दुसरा तरंगत असे. आता सगळे एकाच होडीत बसले आहेत.

युरोपातही २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची बंद लीग काढायचे जाहीर केले होते. इंग्लंडमध्ये प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत तो बेत कोसळला. तिथे १८७१ पासून एफए कप चालू आहे आणि छोट्या गावचा क्लबही त्यात नाव घालतो. दरवाजा म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना ठाऊक होते, कारण त्यांच्या आजोबांनी तो उघडा पाहिला होता. आपल्या नानांनीही पाहिला होता, पण ती गोष्ट आपण नातवांना सांगितली नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहूनच दिले. डावीकडे १९३७ आणि बंगलोर मुस्लिम्स, मध्ये १९५० ते १९५४ आणि रहीमसाहेब, उजवीकडे २०१४ आणि आठ फ्रँचायझी. सर्वात शेवटी २०२४ आणि मोहामेडन. मग म्हटले, "बाळ, आज मुरुडच्या संघाला लगेच कोणी घेणार नाही. आधी जिल्हा खेळावा लागेल, मग मुंबई, मग खालची लीग. वाट लांब आहे, आणि मधल्या बऱ्याच पायऱ्या मोडल्या आहेत."

मुलाने फळ्याकडे बघून विचारले, "सर, रहीमसाहेब पण टीचर होते?"

मी हो म्हटले. त्याच दिवशी चौथ्या तासाला त्याने वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नावे लिहून माझ्यापुढे ठेवली. प्रशिक्षकाच्या जागी त्याने माझे नाव घातले होते. मला फुटबॉल फारसा येत नाही. पण त्या वहीपुढे नाही म्हणायला तोंड नव्हते.