स्वाक्षरीचे मोल

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरसला लागूनच साताऱ्याचा दुष्काळी माण तालुका आहे. तेथील म्हसवड गावी लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीस पावसाळ्यापूर्वी निवाऱ्यावर घालावयास ताडपत्री हवी होती. त्यासाठी ती रोजची शिल्लक ठेवावयास गेली, तो इतक्या अल्प रकमेचे खाते उघडण्यास बँकेने नकार दिला. तेव्हा श्रीमती चेतना सिन्हा यांनी महिलांचीच बँक काढण्याचे योजिले. परंतु प्रवर्तक स्त्रिया अंगठा उठविणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या खचल्या नाहीत. काही महिन्यांत अक्षरे गिरवून त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या व कोणत्याही रकमेचे व्याज यंत्रावाचून सांगण्यास सिद्ध झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उघडली.

शाळेत आम्ही व्याजाची उदाहरणे पाटीवर सोडवून घेतली. या स्त्रियांनी ती बाजारात सोडविली होती. उणीव हिशेबाची नव्हती, अक्षरांची व विश्वासाची होती. आपल्या ज्ञातीतही शेतात राबणाऱ्या अनेक भगिनींची कमाई दुसऱ्याच्याच नावे जमा होते. तरी प्रत्येक सभासद कुटुंबाने लेकीसुनांची खाती त्यांच्याच नावे व त्यांच्याच स्वाक्षरीने उघडावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.