कॅम्पर व्हॅनची वायरिंग: रंग कसे ठरवावेत, लेबल कसं लावावं?

व्हॅन किंवा टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहण्या-झोपण्याची सोय केली, की त्या गाडीत दोन प्रकारची वीज खेळू लागते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप हे १२ व्होल्ट बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालतात. मिक्सर, लॅपटॉप यांसाठी इन्व्हर्टरमधून किंवा बाहेरच्या प्लगवरून २३० व्होल्ट एसी घेतात. दोन्हींच्या वायरी शेजारी-शेजारी आल्या आणि रंग सारखे असले, तर चूक जिवावर बेतू शकते.

काळ्या वायरीचा घोळ

- १२ व्होल्ट डीसी: लाल प्लस, काळी मायनस
- भारतातली प्रचलित घरगुती वायरिंग: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग
- आंतरराष्ट्रीय पद्धत: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग
- अमेरिकेतली १२० व्होल्ट वायरिंग: काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंग

म्हणजे अमेरिकी बनावटीच्या गाडीत ‘काळी म्हणजे मायनस’ असं धरून चाललं, तर हात थेट फेजवर पडतो. हाच धोका ओळखून तिथल्या बोटींच्या मानकात डीसी मायनससाठी पिवळी वायरही चालते.

रंग ठरवताना

एसीसाठी तपकिरी-निळी-हिरवी/पिवळी अशी तीन कोअरची केबल घ्यावी आणि हे रंग डीसीत वापरू नयेत. डीसीत मुख्य लाईन लाल-काळी ठेवावी. एसी आणि डीसीचे पाइप वेगळे असावेत. हिरवा रंग अर्थिंगशिवाय कशालाही वापरू नये. मधेच वायर संपली म्हणून हाताला लागेल तो रंग जोडणं टाळावं.

लेबल हवंच

रंगावरून वायरीची जाडी किंवा ती कुठे जाते हे कळत नाही. १२० वॅटच्या उपकरणाला १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, २३० व्होल्टवर साधारण अर्धा. म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर द्यावा. कंट्रोल पॅनेलमध्ये वापरतात तसे नंबरचे फेरूल चालतात. नाहीतर नंबर लिहून वर पारदर्शक हीट-श्रिंक स्लीव्ह बसवावी. कागदी टेप उन्हात सुटते.

नंबर, उपकरण, व्होल्ट, वायरीची जाडी आणि फ्यूज किती अँपिअरचा, याचा तक्ता फ्यूज बॉक्सच्या झाकणाआड लावावा. गाडी बेळगावात बिघडेल, नाहीतर वडोदऱ्यात. तिथला इलेक्ट्रिशियन मराठी वाचेलच असं नाही. म्हणून आकडे इंग्रजी वळणाचे ठेवावेत.

हात लावण्याआधी

बाहेरचा प्लग काढला तरी इन्व्हर्टर चालू असेल तर सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. आधी इन्व्हर्टर आणि बॅटरी बंद करावी. साधा निऑन टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही, त्यामुळे तपासणी मल्टिमीटरनेच करावी. वायरीचा रंग कोणताही असो, मीटर शून्य दाखवेपर्यंत ती चालू आहे असंच समजावं.