पदवी हातात आली, आता पहिली नोकरी कशी शोधायची? नोंदणी, कागदपत्रं, पगाराचा हिशोब, वाचा सविस्तर

निकाल लागला, पेढे वाटून झाले. आता घरात एकच प्रश्न, 'पुढं काय?' तालुक्याच्या कॉलेजातून बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या मुला-मुलींच्या कॉलेजात कंपन्या येतातच असं नाही. त्यामुळे नोकरी आपल्यालाच शोधावी लागते. ती कुठं शोधायची आणि फसायचं कसं नाही, ते पाहूया.

आधी कागदपत्रं नीट करा

दहावीपासूनची गुणपत्रकं, पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुक आणि लागू असेल तर जातीचा दाखला एका फाईलमध्ये ठेवा. मोबाईलमध्येही स्कॅन करून ठेवा. आधार, पॅन आणि गुणपत्रकावरचं नाव एकसारखं आहे का, ते तपासा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर पुढं पीएफ खात्यात अडचण येते. बायोडाटा एकाच पानाचा करा. त्यावरचा मोबाईल नंबर सारखा बदलू नका.

नोंदणी कुठं करायची?

- महास्वयम पोर्टल : राज्य सरकारचं. पूर्वीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं काम आता इथं होतं. जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहितीही इथंच मिळते. अडचण आली तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा.
- नॅशनल करिअर सर्व्हिस : केंद्र सरकारचं पोर्टल, २०१५ पासून सुरू. नोंदणी मोफत.
- अप्रेंटिसशिप : नॅट्स पोर्टलवर पदवीधरांना कंपनीत शिकाऊ म्हणून संधी मिळते. २०१९ च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं आहे. अनुभवाचा कागद हातात येतो, तो पुढं उपयोगी पडतो.
- मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : २०२४ मध्ये सुरू झाली. पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये. मुदत आधी ६ महिने होती, नंतर ११ महिने केली. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरीची हमी नाही, हे लक्षात ठेवा.

याशिवाय गावातला कोण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीला कामाला आहे, त्याला फोन करा. जागा निघाल्याचं आतल्या माणसाला आधी कळतं. विचारण्यात लाज कसली?

पगार १८ हजार, हातात किती?

पोरं इथंच गोंधळतात. 'सीटीसी' म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारी रक्कम नव्हे. एक उदाहरण पाहा.

एकूण पगार १६,००० आणि त्यात मूळ पगार १२,००० धरा. कंपनी स्वतःचा पीएफचा वाटा १,४४० आणि ईएसआयचा ५२० धरून सीटीसी जवळपास १८,००० सांगते. तुमच्या पगारातून मात्र पीएफचे १,४४०, ईएसआयचे १२० आणि व्यवसाय कराचे २०० कापले जातात. हातात उरतात १४,२४०. (महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे १४,४४०.)

यातून खोलीभाडं, मेस आणि येण्या-जाण्याचा खर्च वजा करा, मगच हो म्हणा. पीएफ मात्र बुडीत पैसा नव्हे, तो तुमच्याच खात्यात जमा होतो.

रुजू होण्याआधी हे विचारा

- नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची? पत्र कुणाच्या नावानं मिळणार?
- पीएफ, ईएसआय भरणार का? यूएएन नंबर कधी मिळेल?
- ड्युटी किती तासांची? सुट्टी कधी?
- बाँड आहे का? मध्येच सोडलं तर काय?

मूळ गुणपत्रकं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि परत घ्या.

पैसे मागितले की समजा फसवणूक

'रजिस्ट्रेशन फी', 'युनिफॉर्मचं डिपॉझिट', 'ट्रेनिंग चार्ज' असं म्हणत नोकरीआधी पैसे मागितले, तर देऊ नका. मुलाखत न घेता व्हॉट्सॲपवर आलेल्या 'ऑफर लेटर'वरही विश्वास ठेवू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

स्पर्धा परीक्षा करायची असेल तर?

जरूर करा. राज्य सरकारी नोकरीसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. म्हणजे नोकरी धरली म्हणून परीक्षेचा दरवाजा बंद होत नाही. पण नुसत्या अभ्यासात चार-पाच वर्षं गेली आणि निवड झाली नाही, तर मधल्या काळात काय केलं, हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो. किती प्रयत्न करायचे, हे आई-वडिलांसोबत बसून आधीच ठरवा.

पहिली नोकरी मनासारखीच मिळेल असं नाही. पण वर्षभराचा अनुभव आणि पगाराच्या पावत्या हातात असल्या की दुसरी शोधणं सोपं जातं. तुमच्या गावात यंदा पदवीधर झालेल्या मुला-मुलींपर्यंत ही माहिती नक्की पोहोचवा.